ब्रेकिंगचा सराव: शिट्टी, खडू आणि साडेतीन मीटर

ब्रेक मारल्यावर गाडी किती मीटरमध्ये थांबते, ते मी मोजतोय. मागच्या वेळी नुसते कोरड्या रस्त्याचे आकडे घेतले होते. या वेळी शिट्टीची (शिट्टी ऐकताच ब्रेक) चाचणी झाली, ओल्या काँक्रीटवरही झाली, आणि स्कूटरचे ब्रेक आवळून पुन्हा मोजलं. जागा तीच, मुलुंडच्या एका ओळखीच्या कारखान्याचं आवार, रविवारी बंद असतं. गाड्या दोन: माझी १५० सीसीची बाइक (सिंगल चॅनल एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला) आणि घरची ११० सीसीची स्कूटर, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आणि सीबीएस, म्हणजे एका लिव्हरने दोन्ही चाकांचे ब्रेक लावणारी जोडणी. एप्रिल २०१९ मध्ये १२५ सीसीपर्यंत सीबीएस किंवा एबीएस आणि त्यावर एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांकडे यातलंच काहीतरी असणार.

आधी वेगाचं बोलतो, कारण निम्मे वाद तिथेच होतात. स्पीडोमीटर ४० दाखवतो तेव्हा जीपीएसवर ३७ येतात. तीनच किलोमीटरचा फरक, पण थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं (वेग दुप्पट तर अंतर चौपट). ३७ वर ८ मीटरमध्ये थांबणारी गाडी खऱ्या ४० वर सव्वानऊ मीटरहून थोडं जास्त घेईल. 'माझी गाडी चाळीसला सात मीटरमध्ये थांबते' असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, चाळीस कशावर?

तर काट्यावरच्या ४० ला, कोरड्यात, बाइक नुसत्या मागच्या ब्रेकवर १५ मीटर जाते. चाक जाम, मागे काळा पट्टा, आवाज मोठा, गाडी मात्र निवांत पुढे. दोन्ही ब्रेक नीट लावले की ८ मीटर. 'पुढचा मारू नको, पलटी खाशील' हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय, आणि या एका वाक्याने जेवढ्या गाड्या पुढच्या बंपरला चिकटवल्या तेवढ्या खड्ड्यांनीही नसतील. ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं. थांबवण्याची ताकद पुढेच असते. फक्त कचकन ओढायचा नाही. आधी बोटांनी इतकंच दाबायचं की फोर्क (पुढचे शॉक) खाली बसल्याचं हँडलला जाणवेल. तेवढ्यात पुढचा टायर जमिनीवर दाबला जातो. मग जोर वाढवत न्यायचा. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आतलं काम आहे, पण क्रम चुकला तर एबीएस लवकर मध्ये पडतं आणि लिव्हर बोटांखाली थरथरते.

काट्यावरच्या ६० ला हेच अंतर १७ मीटर झालं. वेग दीडपट, अंतर दुपटीहून जास्त.

स्कूटरने जास्त शिकवलं. सीबीएसमध्ये डावी लिव्हर मागचा ब्रेक लावते आणि थोडा पुढचाही ओढते. त्यामुळे लोक डाव्या हातावरच सगळं भागवतात. डाव्या लिव्हरवर १२ मीटर, उजवीही बरोबर दाबली की ९. तीन मीटर फुकटात पडलेत, उचलत कोणी नाही. हे आकडे ब्रेक आवळल्यानंतरचे. आधी डावी लिव्हर जवळजवळ ग्रिपला टेकत होती. मागच्या चाकाजवळचं नट फिरवून लिव्हरच्या टोकाला १०-२० मिलिमीटरचा फ्री प्ले (ब्रेक लागायच्या आधीची मोकळी हालचाल) ठेवला, मेन स्टँडवर चाक हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते ऐकलं. पाना आणि पाच मिनिटं, बस.

आता शिट्टी. मेहुणा कडेला उभा राहून मनाला येईल तेव्हा शिट्टी मारणार, एका खांबाच्या आसपास. शिट्टीला गाडी जिथे होती तिथे खडूची खूण. सुरुवातीला तो ओरडला, "भावजी, माझे गाल फुगलेले बघून ब्रेक मारताय तुम्ही!" खरं होतं, मग तो माझ्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. खुणेपासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर मोजलं, एकदा चारही बोटं ग्रिपवर ठेवून, एकदा दोन बोटं आधीच लिव्हरवर ठेवून. फरक साडेतीन मीटरच्या आसपास, ४० ला. म्हणजे एका रिक्षाच्या लांबीहून जास्त, तेही ब्रेकला काहीही न करता. पॅड बदलून, भारी टायर घालून एवढं मला अजून मिळालेलं नाही.

मुंबईत माझ्या मते हाच आकडा सगळ्यात कामाचा. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवा असं सांगतात, हे बरोबरच आहे. पण ५० च्या वेगाला दोन सेकंद म्हणजे २८ मीटर. अंधेरीला हायवेवर तेवढी जागा सोडून बघा, दोन रिक्षा आणि एक टेम्पो आभार न मानता शिरतील. अंतर आपल्या हातात नसतं, बोटं असतात. गर्दीत, चौकाजवळ, बस सुटायच्या बेतात असेल तेव्हा दोन बोटं लिव्हरवर. मोकळ्या रस्त्यावर नको, हात दमतो.

ओल्यात पाइपने आवार भिजवून घेतलं. बाइक ११ मीटरला थांबली, एबीएस वाजत होतं. पण हे धुतलेलं काँक्रीट. जूनच्या पहिल्या सरीत वर तरंगणारं ऑइल, बस स्टॉपसमोरचे डाग, झेब्रा पट्टे, मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा, पुलांवरचे जॉइंट यांची चाचणी मी घेणार नाही. तिथे एकच काम: ब्रेक त्याच्या अलीकडे संपवायचा आणि प्लेटवरून गाडी सरळ, लिव्हर सोडून न्यायची. ड्रमवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून स्कूटर बाहेर काढली की ड्रममधले ब्रेक शू ओले असतात, पहिला ब्रेक जवळजवळ लागतच नाही. थोडं अंतर हळू चालवत ब्रेक हलके टेकवून ठेवायचे, शू गरम होऊन सुकतात, मग वेग घ्यायचा.

पुढचा टप्पा डबलसीटचा. मागे माणूस बसला की मागच्या चाकावर वजन येतं, मागचा ब्रेक जास्त कामाचा होतो. पण छोट्या ड्रमवर भारही वाढतो, अंतर नक्की कुठे जातं ते बघायचंय. मेहुणा तयार आहे, हेल्मेट आणि जाड पँटच्या अटीवर. पुढे डिस्क असलेली सीबीएस स्कूटर कोणाकडे असेल तर डावी लिव्हर एकटी आणि दोन्ही लिव्हर असे वेगळे आकडे कळवा. वेग जीपीएसचा लिहा, काट्याचा नको.