सांतानच्या वाटेने सायबाच्या फेस्ताला

मडगावहून रात्री बाराला निघालो तेव्हा आम्ही एकोणीस जण होतो, बारा गोव्याचे आणि सात वसईचे. संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनाचे, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांचे दिवस होते, २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर. ३ तारखेला सायबाचं (गोव्यात या संताला असंच म्हणतात) फेस्त, म्हणजे सण. या दिवसांत जुन्या गोव्याकडे जाणारे रस्ते रात्रभर जागे असतात. सावंतवाडीकडून, बेळगावकडून, काणकोणहून माणसं चालत येतात. कुणी अनवाणी, कुणी कडेवर पोर घेऊन.

रोजरी चालता चालताच. पुढचे कोकणीत 'नमान मारिये' सुरू करायचे आणि मागून आम्ही मराठीत 'नमो मारिये' म्हणत उरलेली अर्धी प्रार्थना पुरी करायचो. दोन भाषांची माळ, पण कुठे तुटली नाही. वेर्णा, कुठ्ठाळी, मग झुआरीचा पूल. पुलावर खारा वारा आला तेव्हा सगळे आपोआप गप्प झाले. आगशीत चहा. गोवा वेल्हा येईतो माझ्या उजव्या टाचेला फोड आला होता.

इथून बहुतेक मंडळी हमरस्त्याने पुढे जातात. माझे काका मात्र निघण्याआधीपासून सांगत होते, "आपण तळावलीवरून जायचं. सांतान बघितल्याशिवाय मी पुढे येणार नाही." सांतान म्हणजे तिथली संत आनाची इगर्ज, चर्च. काका आयुष्यभर गवंडीकाम केलेले. वसईत आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, आणि किल्ल्यातली आमची जुनी देवळं बिनछपराची आहेत. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्यानंतर ती पोर्तुगीज वस्ती उठली आणि देवळं ओस पडली. लहानपणी काकांचं बोट धरून मी त्या भिंतींमधून फिरलोय. वर आभाळ, कमानीत पिंपळ. त्या काळातलं असं घडीव काम नांदतं असताना कसं दिसत असेल, ते काकांना एकदा पाहायचं होतं.

पिलारची टेकडी मागे टाकून आम्ही आत वळलो. झाडी, शेतं, चार-दोन घरं, कोंबड्यांचं आरवणं. एवढ्याशा गावात असं काही असेल असं वाटतच नाही. आणि वळणावर एकदम ती उभी राहते. पहाटेच्या करड्या उजेडात पांढरीशुभ्र इगर्ज, दोन बाजूंना मजल्यावर मजले चढत गेलेले चौकोनी मनोरे, मधे तशीच मजल्यांची दर्शनी भिंत, वर कठडे आणि टोकं. मी फोड विसरलो. काकांनी टोपी काढली.

संत आना म्हणजे मारियेची आई, येशूची आजी. गावात गोष्ट सांगतात की डोक्यावर टोपी आणि हातात काठी घेतलेली एक म्हातारी डोंगर उतरून येताना दिसली, ती या गावात राहायला आली होती. ती हीच आजी. आजची वास्तू १६८१ साली विगार, म्हणजे तिथले मुख्य पाद्री, फ्रान्सिस्को दो रेगो यांनी बांधायला घेतली आणि १६९५ मध्ये पाद्री आंतोनियो फ्रान्सिस्को दा कुन्हा यांनी पुरी केली. चौदा वर्षं. एका खेड्याने हे केलं, याचं मला राहून राहून अप्रूप वाटतं.

बरोक ही त्या काळची युरोपी बांधकामशैली म्हणजे नुसती नक्षी असा माझा समज होता. सांतानसमोर उभं राहिल्यावर तो गेला. ही भिंत सपाट नाहीच. खांब पुढे येतात, कोनाडे मागे जातात, कंगोरे सावली धरतात. सूर्य वर यायला लागला तशी भिंतीवरची सावली मजल्या-मजल्याने उतरत गेली. जवळपास वीस मिनिटं आम्ही काहीच न बोलता बघत होतो.

आत लाकडी वेदीवर सोनेरी काम आहेच, पण माझी नजर खिळली ती शिंपल्यांवर. कोनाड्यांच्या माथ्यावर पसरलेले मोठमोठे शिंपले, पाकळी-पाकळीने उलगडलेले. युरोपात संत याकोबाच्या समाधीकडे पायी जाणारे यात्रेकरू अंगावर शिंपला बाळगतात. रात्रभर चालून आल्यावर डोक्यावर तो दिसला तेव्हा डोळे भरून आले.

काका वर बघत होते. मधल्या दालनावर अर्धगोल कमानीचं छत आहे. "हे छत भिंतींना सारखं बाहेर ढकलत असतं," ते म्हणाले, "म्हणून भिंत जाड लागते." आणि त्या जाडीचाही उपयोग करून घेतलाय: भिंती आतून पोकळ आहेत, कुणाच्या नजरेस न पडता माणसाने कुमसाराला जावं म्हणून त्यात वाट ठेवली आहे. पापं सांगायला जाणाऱ्याची लाज राखणारी भिंत! बांधणाऱ्याने किती मायेने विचार केला असेल.

मिस्साला आलेल्या एका आजींनी मला लंगडताना पाहिलं. "बस रे पुता," म्हणाल्या, आणि पाणी आणून दिलं. मग तवशांच्या फेस्ताबद्दल सांगत बसल्या. जुलैच्या शेवटी संत आनाचं फेस्त येतं, तेव्हा मूल नसलेली जोडपी तिला तवशी वाहतात. पोर्तुगीजमध्ये काकडीला पेपिनु आणि बाळाला मेनिनु, त्यातून नवस जुळला: पेपिनु घे, मेनिनु दे. लग्न न ठरलेला मुलगा चमचा वाहतो, मुलगी उडीद. देवाच्या आजीकडे मागायचं तर भाषाही घरातलीच हवी.

निघताना काकांनी बाहेरच्या भिंतीवर तळवा ठेवला. आत सगळा जांभा दगड, वरून चुन्याचा गिलावा. जांभा सच्छिद्र असतो, उघडा राहिला तर कोकणातला पाऊस त्याला खात सुटतो. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला. तेव्हापासून तो लाल दगड आपल्याला पुरातन आणि सुंदर वाटतो, पण झिजतोय. ज्या बासिलिकेत सायब निजलाय तिच्या अंगावर कांबळं नाही, हे मला मनापासून खुपतं. तिला पुन्हा चुना लावावा असं माझं स्पष्ट मत आहे, फोटो कसाही येवो.

जुन्या गोव्याला पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. रांग लांब होती, म्हणून आधी मोन्ते सांतोवर चढून ऑगस्टिनच्या मनोऱ्याकडे गेलो. जाणकार सांगतात की सांतानची दर्शनी भिंत इथल्या चर्चवरून बेतली. १६०२ मध्ये पुरं झालेलं हे चर्च १८३५ साली मठ बंद झाल्यावर ओस पडलं. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. उरलाय तो ४६ मीटरांचा तांबडा सुळका.

काका त्याच्यासमोर उभे राहिले. पडलेल्या बाजूला, रिकाम्या आभाळात बोट फिरवत सांगू लागले, "इथे दुसरा मनोरा. इथे मधली भिंत. हे कोनाडे, इथे कठडा." सगळं सकाळी बघून आलेलं. बाकीचे पाच वसईकर त्यांच्या बोटाकडे बघत होते, आणि मीही. तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली, रांग पुढे सरकली होती.