तुम्ही विचारलंत म्हणून: शुलामित अलोनीच का?

इस्रायलचा विषय निघाला की तुम्ही फिरून फिरून तिथल्या खासदार शुलामित अलोनींवरच का येता, असं मला बरेच जण विचारतात, तर आज सांगतेच.

आमच्या शेजारच्या काकू अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात मराठीच, अर्धे नातेवाईक तिकडे गेलेले. 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फर्मान काढलं की बेने इस्रायली मुला-मुलीचं लग्न इतर ज्यूंशी लावायचं तर आधी आई, आजी, पणजी, जमेल तितकं मागे जाऊन ज्यूपण तपासा. आता कोकणातल्या पणजीचा कागद कुठून आणणार? लोक जेरुसलेममध्ये धरण्याला बसले, तेव्हा कुठे 1964 ला सरकारने जाहीर केलं की हे सर्वार्थाने ज्यूच. पण लग्न लावायचा हक्क धर्मगुरूंकडेच राहिला, कारण तिथे आपल्यासारखं रजिस्टर लग्न नाहीच.

पुढच्याच वर्षी अलोनी खासदार झाल्या आणि जन्मभर याच मुद्द्यावर भांडल्या. बाई मूळच्या शिक्षिका, मग वकील, रेडिओवर लोकांना त्यांचे हक्क सांगायच्या. पंतप्रधान गोल्डा मेयर यांच्याशी पटलं नाही, 1969 ला खासदारकी गेली, तर 1973 मध्ये स्वतःचा पक्ष काढला, रात्झ, आणि 3 जागा आणल्या! जून 1974 मध्ये मंत्री झाल्या, पण धार्मिक पक्षाला सरकारात घेतलं म्हणून ऑक्टोबरातच राजीनामा. मला हे फार मोठं वाटतं, चार महिन्यांत मंत्रिपद सोडायला काय लागतं ते आपण रोज बघतोच. 1992 ला मेरेट्झच्या, म्हणजे रात्झ आणि आणखी पक्षांच्या आघाडीच्या, 12 जागा आल्या, शिक्षणमंत्री झाल्या, वर्षभरात शास या धार्मिक पक्षाच्या दबावाने ते खातं गेलं. 1996 ला थांबल्या, 2014 ला गेल्या.

पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच, धर्मगुरू ज्यांचं लग्न लावत नाहीत, म्हणजे कोहेन (पुरोहित घराण्यातला) मुलगा आणि घटस्फोटित मुलगी वगैरे, अशांची लग्नं बाई स्वतः लावायच्या, दोघांमध्ये करार करून. सरकारदरबारी त्याची नोंद व्हायची नाही, तरी लावायच्या.

काकूंच्या भाच्याच्या मुलाचं लग्न झालं मध्यंतरी. मुलीची आई ज्यू नाही, म्हणजे धर्मगुरूंच्या लेखी मुलगीही ज्यू नाही, म्हणून दोघं विमानाने सायप्रसला गेले, कारण परदेशातलं लग्न मात्र सरकार नोंदवून घेतं. काकूंनी फोनवर फोटो दाखवला, लार्नाकाच्या नगरपालिकेत दोघं सही करतायत, मुलीच्या हातात हिरव्या बांगड्या, काकूंनीच पाठवलेल्या.