शिंजुकूत शनिवार-रविवार: जेवायची जागा आणि स्टेशनचं दार आधी ठरवा

टोकियोतल्या शिंजुकूत शनिवारी रात्री जेवायचं असेल तर जागेचं नाव, इमारतीतला मजला आणि स्टेशनचं कुठलं दार, या गोष्टी निघायच्या आधीच पक्क्या करा. रस्त्यात उभं राहून 'इथे बघू की तिथे' सुरू केलंत की कुणीतरी तुम्हाला हेरलंच म्हणून समजा. आम्हा तिघांकडून एका सुमार जेवणाचे २०,४२४ येन काढले गेले. त्याचा राग अजून उतरलेला नाही आणि हा वृत्तांत मुख्यतः त्यासाठीच आहे. बाकीचे दोन्ही दिवस छान गेले, त्यांचं थोडक्यात सांगतो.

मी नागोयाला असतो. मावसभाऊ ऑफिसच्या कामासाठी पुण्याहून टोकियोत आला होता, बरोबर त्याचा एक सहकारी. दोघांना मोकळा मिळणारा तेवढाच शनिवार-रविवार, म्हणून मी बसने शिंजुकू गाठलं.

आधी स्टेशन. जगातलं सर्वाधिक वर्दळीचं स्टेशन हेच. दारं दोनशेच्या वर, आणि जेआर, ओदाक्यू, केइओ, तोक्यो मेट्रो, तोएई अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच ठिकाणी. 'शिंजुकूला भेटू' याला काही अर्थ नाही. पूर्वेचं दार हिगाशी-गुची, पश्चिमेचं निशी-गुची, दक्षिणेचं मिनामी-गुची. पण पूर्वेलाच 'मधलं पूर्व' म्हणून वेगळं दार आहे, दक्षिणेकडे तर तीन-चार. शिवाय सेइबू-शिंजुकू, शिंजुकू-सानचोमे, शिंजुकू-निशिगुची ही नावं सारखी वाटली तरी वेगळी स्टेशनं आहेत. सेइबू-शिंजुकूला जायचं तर जेआरच्या दारातून बाहेर पडून रस्त्याने चालावं लागतं.

जुन्या माहितीवर अजिबात विसंबू नका. पूर्व-पश्चिम जोडणारा खुला रस्ता २०२० मध्ये झाला. त्याआधीचे लेख लांबचा वळसा सांगतात. पश्चिमेचं ओदाक्यूचं डिपार्टमेंट स्टोअर २०२२ मध्ये बंद होऊन पाडकामाला गेलं, त्यामुळे त्या बाजूला पत्रे ठोकलेले आणि वाटा बदलत्या. 'अल्टासमोर भेटू' हा सल्ला अजून फिरतो, पण पूर्व दारासमोरचं ते स्टुडिओ अल्टा नावाचं दुकान-संकुलही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झालं. पूर्व दाराबाहेरची पोलीस चौकी ही भेटायची सर्वात खात्रीची जागा. ती हलत नाही आणि कुणालाही विचारली तरी दाखवतात.

आता ती रात्र. काबुकिचो या शिंजुकूतल्या रात्रभर जाग्या वस्तीत, एका इमारतीत पाचव्या मजल्यावर साखळीवाली साधी इझाकाया, म्हणजे दारूबरोबर खायला मिळणारं जपानी दुकान, आहे, तिथे जायचं आमचं ठरलेलं होतं. खाली लिफ्टपाशी काळ्या जॅकेटमधला एक पोरगा उभा, कानात वायर, हातात प्लास्टिक चढवलेला मेनू. आम्ही बटण दाबायच्या आधीच म्हणाला, "वर फुल आहे, तासभर थांबावं लागेल. आमचीच दुसरी शाखा आहे, दोन मिनिटांवर." समोरच फोन लावून त्याने तिघांची जागा 'धरली'. दोन तास हवं तेवढं प्यायला माणशी १,९८० येन. मला जपानी येतं, मी स्पष्ट विचारलं, याच्या वर काही लागेल का? नाही म्हणाला. भाऊ म्हणाला, "दादा, चल, भूक लागलीय." गेलो.

जागा गल्लीत, आठव्या मजल्यावर. बाहेर पाटी नाही, दाराशी मेनू नाही. बसल्याबसल्या तीन वाट्यांत चिरलेला कोबी आला. मग कळलं की माणशी दोन पदार्थ मागवणं सक्तीचं. हायबॉलमध्ये (व्हिस्की-सोडा) सोडाच जास्त. तासाभरात 'शेवटची ऑर्डर' म्हणून सांगून गेले. बिल ओळीओळीने देतो, कारण हाच साचा सगळीकडे वापरतात: पिण्याचे ५,९४०. त्या कोबीचे माणशी ८८०, म्हणजे २,६४०. 'शनिवार-रविवार आकार' माणशी १,०००, म्हणजे ३,०००. सक्तीचे सहा पदार्थ ६,१८०. या सगळ्यावर १५ टक्के सेवाशुल्क, २,६६४. मी हरकत घेतली तर मेनूच्या शेवटच्या पानावरची मुंगीएवढी ओळ दाखवली. तिथे सगळं छापलेलं होतं. दारापाशी तोवर आणखी दोघं येऊन उभे राहिले होते. पैसे दिले आणि निघालो.

परत जाताना मुद्दाम त्या पहिल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर जाऊन आलो. निम्मी टेबलं रिकामी होती. त्या पोराचा त्या साखळीशी काडीचा संबंध नव्हता. नावाजलेल्या दुकानाच्या लिफ्टपाशी उभं राहून त्यांचंच गिऱ्हाईक पळवायचं, हा यांचा रोजचा धंदा. टोकियोत असं गिऱ्हाईक ओढण्याला कायद्याने बंदी आहे, काबुकिचोत लाउडस्पीकरवरून 'यांच्यामागे जाऊ नका' असं सतत सांगत असतात, आणि त्याच लाउडस्पीकरखाली हे उभे असतात.

म्हणून नियम एकच: रस्त्यावर जो आपणहून बोलायला येतो त्याच्याबरोबर जायचं नाही. कुठल्याही भाषेत बोलला, कितीही गोड बोलला तरी नाही. थांबू नका, उत्तर देऊ नका, मान हलवून पुढे चला. 'वर फुल आहे' म्हणाला तर वर जाऊन स्वतः विचारा. आधी टेबल राखून ठेवलंत तर उत्तमच. बिलावरून अडवलं तर कार्ड हातात देऊ नका, बिलाचा फोटो काढा आणि धमकी दिली तर पोलिसांचा ११० फिरवा.

एक फरक मात्र लक्षात घ्या. इझाकायात न मागता येणारी छोटी वाटी, ओतोशी, ही सगळीकडेच असते. तिचे ३०० ते ५०० येन सरळमार्गी दुकानंही लावतात, त्यावरून भांडू नका. मेनूवर करासकट आणि कराशिवाय असे दोन आकडे असतात. बसून खाल्लं तर कर १० टक्के, म्हणून मोठा आकडा बघा. 'गोल्डन गाई' नावाच्या जुन्या गल्ल्यांत सहा-सात माणसांचे इवलेसे बार दोनशेच्या वर आहेत आणि बहुतेक ठिकाणी बसण्याचे पैसे वेगळे. ते दारावर लिहिलेले असतील तिथेच शिरा. ओमोइदे योकोचोच्या धुरकट गल्लीत याकितोरी (काडीला लावून भाजलेलं चिकन) झकास मिळते, पण जागा कोंदट. मोठी बॅग नेऊ नका.

शाकाहारी लोकांचे इथे हाल होतात, कारण भाजीच्या रश्शातही दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतं. एक स्टेशन पुढे शिन-ओकुबोला जा. नेपाळी आणि भारतीय खाणावळी आहेत, डाळ-भात पोटभर मिळतो, मिरच्या-मसालेही मिळतात. चिकन चालत असेल तर मात्र पूर्व दाराजवळच्या नाकामुराया इमारतीत तळघरात जाऊन करी खाच. १९१५ मध्ये इंग्रजांच्या हाती लागू नयेत म्हणून रासबिहारी बोस याच नाकामुरायाच्या मालकांकडे, सोमा दांपत्याकडे लपून राहिले होते. पुढे त्यांच्याच मुलीशी त्यांचं लग्न झालं, आणि १९२७ मध्ये इथे हाडासकट चिकनची भारतीय करी विकायला सुरुवात झाली ती त्यांच्यामुळे. रविवारी दुपारी तिथे जेवलो. छापलेली किंमत, तेवढंच बिल. आदल्या रात्रीनंतर तो कागद हातात घेऊन मला खरोखर बरं वाटलं.

रविवारची सकाळ शिंजुकू ग्योएनमध्ये गेली. ५०० येन तिकीट, नऊला उघडतं, सोमवारी बंद, आत दारू चालत नाही. सुंदर बाग आहे, दोन तास ठेवा. शनिवारी संध्याकाळी महानगर सरकारच्या कार्यालयाच्या पंचेचाळिसाव्या मजल्यावर गेलो होतो. २०२ मीटर उंचीवरून शहर फुकट दिसतं, फक्त बॅग तपासायची रांग लागते. पैसे देऊन दुसऱ्या कुठल्या मनोऱ्यावर जायची गरज नाही.

मुक्काम काबुकिचोत करू नका. खोलीचे दर शनिवारी चढलेले असतात आणि पहाटे चारपर्यंत खाली आरडाओरडा. पश्चिमेला निशी-शिंजुकूत ऑफिसं बंद असल्यामुळे शनिवार-रविवार शांत असतो. तिथे मिळालं नाही तर चुओ लाइनवर नाकानो बघा, गाडीने पाचच मिनिटं. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीनंतर साधारण तासाभरात संपतात, आणि रात्री दहा ते पहाटे पाच टॅक्सीला २० टक्के जादा पडतात. सामानाचे लॉकर शनिवारी सकाळीच भरून जातात, त्यामुळे खोली मिळायला वेळ असला तरी बॅगा आधी मुक्कामीच टाका.

परतीची बस असेल तर: बुस्ता शिंजुकू या बसस्थानकात उतरायचा मजला तिसरा, चढायचा चौथा. ते दक्षिण दारासमोर, कोशू-काइदो रस्त्याच्या पलीकडे आहे. पूर्वेकडून येत असाल तर स्टेशनच्या आतून यायच्या भानगडीत पडू नका, रविवारी संध्याकाळी गर्दीत अर्धा तास सहज जातो. बाहेरूनच आग्नेय दाराच्या जिन्यापर्यंत चाला, वर चढा, सिग्नल ओलांडा. वर बसायच्या खुर्च्या भरलेल्या असतात आणि आतल्या छोट्या दुकानात रांग असते. रात्रीचं जेवण इसेतान या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातून आधीच घेऊन या. बंद व्हायच्या सुमाराला तिथल्या डब्यांवर सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात.