माजघराचा उंबरठा एकदाचा ओलांडला!

हेडसेट लावून पायी फिरता येईल असा व्हीआरमधला, म्हणजे आभासी, वाडा मी बनवतोय. ओसरीवर अडून बसलेलं ते काम अखेर काल रात्री पुढे सरकलं. हॉलमधली तीच 3 बाय 3 मीटरची जागा, टीपॉय भिंतीला सरकवलेला, आणि मी ओसरीतून माजघरात चक्क चालत गेलो. टेलिपोर्ट (बटण दाबून उडी) नाही, कंट्रोलरच्या स्टिकला हात नाही.

रीडायरेक्टेड वॉकिंग, म्हणजे सरळ चालतोय असं वाटणाऱ्या माणसाला नकळत वळवत नेणं, मी आता पूर्ण बाजूला ठेवलंय. संशोधक स्टाइनिके आणि मंडळींच्या 2010च्या प्रयोगांत निघालेली वक्राची त्रिज्या 22 मीटर. त्याहून कमी केली की आपल्याला वळवलं जातंय हे माणसाला जाणवू लागतं. आपल्या खोलीसाठी हिशोब मांडा: 3 मीटर चाललं की जेमतेम 8 अंश! मोठ्या ट्रॅकिंग हॉलमध्ये हे तंत्र झकास चालतं. फ्लॅटमध्ये मात्र चार पावलांवर रीसेट (थांबून जागीच वळणं), की मजा गेली. त्यामुळे एकाच फरशीवर आळीपाळीने दिसणाऱ्या दोन खोल्या, म्हणजे इम्पॉसिबल स्पेसेस, हाच रस्ता.

घोडं अडलं होतं दारात. स्टेन्सिल पोर्टलमधून (चौकटीपुरतीच पुढची खोली दाखवणाऱ्या आभासी दारातून) नाकासमोर चाललं तर सगळं ठीक. पण मान वळवून, चौकटीवरची गणेशपट्टी बघत आत शिरलं की एक डोळा माजघरात आणि दुसरा अजून ओसरीत! त्या क्षणी उजव्या डोळ्यासमोर पांढरा झटका यायचा. नियर क्लिप (ज्याहून जवळचं काही दिसत नाही ते अंतर) 1 सेंटीमीटरवर आणली, पोर्टलला जाडी दिली, फरक शून्य. डोळ्यागणिक वेगळं जग दाखवायला मल्टी-पास (प्रत्येक डोळ्याचं चित्र स्वतंत्र काढणं) लावला, तर क्वेस्ट हेडसेटवर सेकंदाला 72 फ्रेम टिकेनात. विकत घेतलेलं तयार पोर्टल अ‍ॅसेटही इथेच गळपटलं. व्हीआर सपोर्ट असं लिहिलेलं असलं तरी मान तिरकी करून डेमो बघितल्याशिवाय पैसे टाकू नका.

मग जुन्या वाड्यांच्या भिंती आठवल्या. चांगल्या हातभर जाड, काहींच्या तर पोटातून जिना जातो. पोर्टल हवंच कशाला? कडेने 80 सेंटीमीटरचा अंधारा बोळ काढला आणि वळणावर, जिथून दोन्ही खोल्या दिसत नाहीत, तिथे गुपचूप अदलाबदल केली. स्टेन्सिलचा भारही गेला.

सूमा आणि सहकाऱ्यांच्या 2012च्या अभ्यासात लहान खोल्या 56 टक्क्यांपर्यंत एकमेकींवर चढल्या तरी लोकांना पत्ता लागत नव्हता. माझ्या खोल्या तर जवळजवळ पूर्ण चढलेल्या. एका वळणाचा बोळ होता तेव्हा ताई लगेच म्हणाली, "अरे, मी फिरून तिथंच आले ना?" दुसरं वळण दिल्यावर तिने विचारलं, "माजघराच्या मागे काय आहे?" काय आनंद झाला म्हणून सांगू!

माजघराच्या मागे परसदार करायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, आधी भिंतीतला जिना घ्यावा. सपाट फरशीवर चढण कशी भासवायची हा प्रश्न आहेच. पायरीच्या कडेला पातळ लाकडी पट्टी चिकटवली तर तळव्याला कड लागेल. उद्या सुताराकडून दोन पट्ट्या कापून आणतो. हे कुणी करून पाहिलं असेल तर पट्टीची जाडी किती ठेवलीत ते सांगा.