अरबी सुलेखनाची कार्यशाळा

आज दिवसाचा बराच वेळ बोरू छाटण्यातच गेला, आणि तो तसाच जायला हवा. टोक तिरकं छाटायचं ते एकाच दाबात. दोनदा चाकू चालवला की कड खडबडीत होते आणि रेघेला केस फुटतात. मधोमध चीरही हवीच, नाहीतर शाई टोकापर्यंत उतरत नाही.

शाई काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी यांची. डिंक कमी पडला तर वाळलेलं अक्षर बोटाला लागतं, जास्त झाला तर बोरू अडखळतो. दौतीत कच्च्या रेशमाचा बोळा ठेवा, म्हणजे बोरू मोजकीच शाई उचलतो. बाजारातला साधा कागद शाई पितो. त्यावर खळीचा हात देऊन, वाळल्यावर अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटावं लागतं.

माप मात्र नुक्त्याचं. बोरूची पूर्ण रुंदी तिरकी ओढली की पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठिपका उमटतो, तोच नुक्ता. सुलुस शैलीत अलिफ, म्हणजे पहिलं उभं अक्षर, साधारण 7 नुक्ते उंच, नस्तालीकमध्ये 3. या पद्धतीचं श्रेय बगदादचा वजीर इब्न मुकला (मृत्यू 940) याला देतात. नवशिक्यांचा बोरू बोटांत नकळत फिरतो, ठिपका बदलतो आणि सगळं प्रमाण कोसळतं.

उस्मानी (ऑटोमन तुर्की) परंपरेत पहिला धडा अक्षरांचा नसतो, प्रार्थनेचा असतो: ‘रब्बि यस्सिर वला तुअस्सिर’, प्रभो, सोपं कर, अवघड करू नकोस. मुळाक्षरं त्यानंतर. हा क्रम आपल्याकडच्या वर्गांनीही पाळावा, असं मनापासून वाटतं.