आमची वाटचाल : सहा सेकंदांचा उशीर

पंधराएक वर्षांपूर्वी मी आणि माझे मेहुणे भोसरी एमआयडीसीत अर्धी शेड भाड्याने घेऊन पॅनेल वायरिंग करायचो. ड्राइव्ह बसवणं, जळालेली कार्डं दुरुस्त करणं, मिळेल ते काम.

धंद्याला वळण लागलं ते एका केबलवाल्याच्या तक्रारीमुळे. तारेवर पीव्हीसी चढवणाऱ्या त्यांच्या लाइनवर जाडी मोजणारा लेझर गेज होता, ती आपोआप सावरणारा पीआयडी कंट्रोलर होता, तरी वायरचा डाया (व्यास) कधी जाड, कधी बारीक. ‘ऑटोवर टाकली की लाइन हंटिंग करते (डाया सारखा वरखाली होतो),’ म्हणून ऑपरेटर मॅन्युअलवरच चालवायचे, आणि आयएस ६९४ या पीव्हीसी केबलच्या भारतीय मानकातली किमान जाडी चुकू नये म्हणून मुद्दाम जाडसर. तेवढं पीव्हीसी फुकट जायचं.

तारेवर पीव्हीसी चढतं त्या क्रॉसहेडपासून वायर थंड करणाऱ्या पाण्याच्या ट्रफपलीकडच्या गेजपर्यंत अंतर ६ मीटर, वेग मिनिटाला ६० मीटर. म्हणजे कंट्रोलरला दिसतो तो ६ सेकंदांपूर्वीचा डाया. दुरुस्ती केली तरी फरक दिसत नाही, म्हणून तो आणखी करतो. मग सगळ्या दुरुस्त्या एकदम पोचतात आणि डाया दुसऱ्या टोकाला जातो. गेन, म्हणजे दुरुस्तीचा जोर, कमी केला तर लाइन शांत होते, पण व्होल्टेज हललं की सावरायला तिला फार वेळ लागतो.

यावरचा उपाय अभियंते ऑटो स्मिथ यांनी १९५७ मध्येच मांडला होता. आपल्या दुरुस्तीचा परिणाम काय होणार, हे कंट्रोलर प्रोसेसच्या मॉडेलवरून आधीच काढतो, त्यामुळे गेजपाशी फरक दिसेपर्यंत तीच दुरुस्ती पुन्हा करत बसत नाही. मूळ मांडणीत उशीर ठरावीक धरलेला असतो. आमच्या लाइनचा वेग मात्र स्टार्टअपला वेगळा, रील बदलताना वेगळा. मग आम्ही सेकंद मोजणं सोडलं, वायर ओढणाऱ्या कॅपस्टनवर लांबी मोजणारा एन्कोडर बसवला आणि पीएलसीत (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) उशीर मीटरमध्ये धरला. वेग कितीही असो, ६ मीटर ते ६ मीटरच!

बाहेरून येणारी गडबड या युक्तीने आधी कळत नाही. हॉपरमध्ये ग्राइंडिंगचा (दळून परत वापरलेला) माल आला की डाया हलणारच. त्यासाठी क्रॉसहेडजवळ दुसरा गेज लावला. गरम वायर जाड भरते, थंड झाल्यावर आकसते. म्हणून गरम गेज लगेच दुरुस्ती करतो आणि थंड गेज त्याचा सेटपॉइंट (धरायचं माप) सावकाश सरकवतो. मला विचाराल तर गणितापेक्षा या गेजचाच गुण जास्त. पण गिऱ्हाइकाला तो खर्च नको असतो, ‘सॉफ्टवेअरमध्येच काहीतरी करा ना!’

पुढे चाकण, सिल्व्हासा, दमण अशी कामं वाढत गेली. पीव्हीसी पुढे ढकलणाऱ्या स्क्रूचा गिअरबॉक्स झिजलेला असेल तर तो बदलल्याशिवाय आम्ही लाइन हातात घेत नाही. त्यात काही ऑर्डरी जातात, जाऊ देत.

सध्या फोम कोॲक्सची (फोमचं इन्सुलेशन असलेल्या, टीव्हीला लागते तसल्या केबलची) एक लाइन चालू आहे. तिथे डायाबरोबर कपॅसिटन्सही (विद्युत धारिता) धरून ठेवायचा असतो, आणि तो मोजणारा गेज पाण्यातच, ट्रफच्या आत बसतो. एक सावरायला गेलं की दुसरं हलतं. दोन्ही लूप (डाया आणि कपॅसिटन्स सावरणारे कंट्रोल) एकमेकांपासून सोडवायचं काम मेहुण्यांनी अंगावर घेतलंय.