झुरळाचं रक्त पांढरं का?

‘सर, डास मारलो की रगात लाल दिसता, झुरळाचा पांढरा कित्याक?’ वेंगुर्ल्याच्या बाजूला विज्ञान शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी येतो. परवा शेजारच्या काकूंनीही तेच विचारलं, आणि वर म्हणाल्या, ‘म्हणजे किड्यांना लोह लागतच नाही?’ म्हणून आता दोन्हींचं उत्तर सविस्तर सांगतो.

डासाच्या पोटातलं लाल रक्त आपलं, त्याचं स्वतःचं नव्हे. कीटकांच्या अंगात हवा बारीक नळ्यांमधून थेट पेशींपर्यंत जाते. प्राणवायू वाहायचं काम रक्ताकडे नाही, म्हणून बहुतेकांच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही. लोह मात्र हवंच. त्याच्याशिवाय पेशीला ऊर्जा मिळत नाही.

अडचण अशी की मोकळं लोह पेशीला घातक. ते हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की चरबी, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल त्याची नासधूस करणारे कण तयार होतात. म्हणून ते कोंडून ठेवावं लागतं. हे काम करणारं प्रथिन म्हणजे फेरिटिन. 1937 साली लाउफबर्गर या शास्त्रज्ञांनी ते घोड्याच्या प्लीहेतून वेगळं केलं.

फेरिटिन म्हणजे 24 तुकड्यांचा पोकळ गोळा, बाहेरून जेमतेम 12 नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीवर असे सहा-सात हजार गोळे ओळीने मावतील. प्रत्येक तुकडा म्हणजे चार लांब मळसूत्रांची जुडी. तुकडे दोन प्रकारचे, ‘जड’ आणि ‘हलके’. गोळ्याला बारीक छिद्रं असतात, त्यांतून लोह आत शिरतं, ‘जड’ तुकड्यांवर त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि पोटात त्याचा खनिज कण साठतो. एका गोळ्यात लोहाचे 4500 पर्यंत अणू मावू शकतात.

इथपर्यंत माणूस आणि किडा सारखेच. पुढचा फरक मला फार आवडतो. आपल्या फेरिटिनमध्ये जड आणि हलक्या तुकड्यांचं प्रमाण अवयवागणिक बदलतं: हृदयात जड जास्त, यकृतात हलके. कोबीवरच्या एका अळीच्या फेरिटिनची रचना 2005 साली स्फटिकातून उलगडली, तेव्हा तिथे नेमके 12 जड आणि 12 हलके तुकडे दिसले, प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि गंधकाच्या बंधांनी एकमेकांना घट्ट शिवलेले.

एवढी पक्की शिवण कशासाठी? माझ्या मते, कारण या गोळ्याला प्रवास करायचा असतो. आपलं फेरिटिन बहुतांशी पेशीच्या आत बसून राहतं, माजघरातल्या भाताच्या कणगीसारखं. कीटकांचं फेरिटिन पेशीबाहेर पडून रक्तात फिरतं. कणगी होडीत चढवून गावोगाव न्यावी, तसं. साठवण तेच करतं आणि वाहतूकही तेच. रक्त प्यायलेल्या डासाच्या मादीत ते वाढतं. जेवणातलं बरंचसं लोह ती विष्ठेतून टाकते, पण थोडं अंड्यांपर्यंत पोचतं.

वर्गात हे सांगताना मी जांभ्याचा एक चिरा टेबलावर ठेवतो. मुलं त्यावर नख घासतात, बोटं तांबडी होतात. चिऱ्याचा हा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. फेरिटिनच्या पोटातला कणही त्याच घराण्यातला. मग मुलं स्वतःच्या बोटांकडे बघतात, आणि कुणीतरी हमखास विचारतं, ‘म्हणजे सर, ह्या झुरळात पण आसा?’

असतं.